कानावरची पेन्सिल

मिस्त्रीचा हात कधी सुटेल याचा नेम नव्हता, आणि सुटला की कुठे लागेल याचाही नव्हता. एकदा तो बायकोच्या कानशिलावर लागला आणि कानातली रिंग पाळी फाडून बाहेर आली. एकदा दारावर लागला आणि दाराची फळी फुटली. ती फळी त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच इतकी सुरेख बसवली की सांधा शोधूनही सापडेना. बायकोची पाळी मात्र त्याला बसवता आली नाही. ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारलं, "काय झालं?"

"पडले," ती म्हणाली.

पडले. या एका शब्दावर त्या घराने पाच वर्षं काढली.

ती पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात कामाला होती, म्हणून गल्लीत तिला खोकेवाली म्हणत. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा, फर्निचरच्या वर्कशॉपमधला पहिल्या नंबरचा सुतार. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी फळ्या ठेवायच्या मांडणीचा लोखंडी कोन निखळला आणि फळ्यांची अख्खी थप्पी त्याच्या डोक्यावर आली. बावीस दिवसांनी त्याने डोळे उघडले. हात शाबूत, पाय शाबूत, रंधा हातात दिला तर तोच जुना सफाईदार हात. आतला लगाम तेवढा तुटला होता.

त्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. दुसऱ्याच्या कानावरची पेन्सिल कुणी घ्यायची नाही, आणि घेतली तर टपली खायची. सगळी थट्टेतली गोष्ट. मालकानेसुद्धा दोनचार टपल्या हसत हसत खाल्ल्या होत्या. मिस्त्रीच्या डोक्यातून सोबत्यांची नावं गेली, लग्नाची तारीख गेली, आपला बाप वारला हेही गेलं, पण ही रीत काही गेली नाही. फक्त तिच्यातली थट्टा गळून पडली. उजव्या कानावर पेन्सिल नाही असं लक्षात आलं की तो आधी कान चाचपायचा, मग समोर जो असेल त्याच्यावर तुटून पडायचा. पेन्सिल झोपेत घरंगळो नाहीतर अंघोळीत निसटो, त्याला ती कुणीतरी घेतलेलीच असायची. रागाची इतरही कारणं होती, पण या कारणाला औषध नव्हतं. हत्यारं खोकेवालीने कधीच लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यात बांधली होती. त्याने काय होणार? घरात स्टूल होतं, पाण्याचा जग होता, आणि मनगटं तर त्याची त्याच्याजवळच होती.

मार खोकेवालीला सवयीचा झाला होता. कुठे मान फिरवली तर डोळा वाचतो, कोणत्या बाजूला सरकलं तर कपाटाचा कोपरा लागत नाही, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. तिचा जीव टांगणीला लागायचा तो सासूपायी. ती सकाळी सातला कारखान्यात जायची आणि चारला परत यायची. मधला सगळा वेळ घरात मिस्त्री आणि त्याची आई, दोघंच. म्हातारी सत्तरीच्या पुढची, वजनाने मूठभर. मिस्त्रीने नुसतं ढकललं तरी भिंतीपर्यंत जाईल अशी.

एकदा ती कामावरून आली तर म्हातारीचं मनगट सुजून दुप्पट झालं होतं.

"आई, हे काय?"

"पडले."

"कुठे पडलात?"

"घरातच. या वयात झाडावर चढून पडणार आहे का मी?"

"यांनी काही केलं?"

"तो बिचारा झोपला होता." म्हातारीने मनगट पदराखाली घेतलं. "तुझा कान कसा फाटला ते मी विचारलं का कधी?"

दोघी बायका एका छपराखाली एकाच माणसाचा मार खात होत्या आणि एकमेकींना पडल्याचं सांगत होत्या. तोंड उघडायला हवं होतं ते तिथेच. पण घरातली अब्रू घरातल्यांपासूनसुद्धा झाकायची, असलं काहीतरी खूळ दोघींच्या डोक्यात घट्ट बसलेलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुठ्ठा कापायच्या मशीनवर पाय दाबला की पातं खाली येतं, आणि त्याला पुठ्ठा कोणता आणि बोट कोणतं हे कळत नाही. त्या दिवशी ते तिच्या तर्जनीचं नख घेऊन गेलं. पांढऱ्या खोक्यावर रक्ताची धार लागली. मुकादम धावत आला तो आधी खोका बाजूला करायला.

"बाई, लक्ष कुठे असतं तुमचं? महिन्यात पाच खाडे, आणि आलात की हे! आणखी एक खाडा झाला ना, तर येऊच नका."

बोटाला पट्टी बांधून देताना गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "ताई, मिस्त्रींचा अपंगत्वाचा दाखला का काढत नाही? निम्म्याच्या वर टक्के लागले तर घरी सांभाळणाऱ्याला भत्ता मिळतो. काम सोडून घरी राहता येईल तुम्हाला."

घरी राहता येईल. म्हातारी त्याच्या तावडीत एकटी राहणार नाही. खोकेवालीला त्या दिवसापासून दुसरं काही दिसेना. तिने अर्ज केला, फोटो काढले, जुने एक्स-रे शोधले, एका शिक्क्यासाठी सहा वेळा कचेरीचे उंबरठे झिजवले, आणि आठ महिन्यांनी दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायची तारीख मिळवली.

आणि मग त्या घराने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

म्हातारीने लेकाची गुळगुळीत दाढी करवली. त्याला कडक इस्त्रीचा शर्ट घातला. चार मोठ्या माणसांत जायचं म्हणजे माणूस नीटनेटका दिसायला हवा ना! कानावर नवी टोकदार पेन्सिल लावली. खोकेवालीच्या डोळ्याखाली आदल्या दिवशीचा निळा वळ होता, त्यावर तिने पावडर थापली. तपासणीच्या खोलीत शिरल्या शिरल्या मिस्त्रीने डॉक्टरांना नमस्कार केला, खुर्ची हलवून पाहिली, "डुगडुगतेय," म्हणाला, आणि कागदाची घडी करून पायाखाली अशी सरकवली की खुर्ची ठाम उभी राहिली. डॉक्टर खूश.

"कसं चाललंय घरी?" त्यांनी विचारलं.

"बरं चाललंय," खोकेवाली म्हणाली. तोंडातून गेलंच ते. जन्मभर कुणीही विचारलं की हेच उत्तर दिलेलं.

"राग वगैरे येतो? हात उगारतात?"

तिने तोंड उघडायच्या आत म्हातारी ताडकन म्हणाली, "माझ्या लेकाने आजवर कुणाला बोट लावलेलं नाही, साहेब."

दाखला आला. अठरा टक्के. शेरा, हलकी कामं करू शकतो.

खोकेवाली तो कागद घेऊन पुन्हा त्या कचेरीत गेली. खिडकीत बसणारा माणूस उद्धट होता, पण मनाने वाईट नव्हता. त्याने कागद पाहिला, मग तिच्या डोळ्याकडे पाहिलं. पावडर घामाने उतरली होती.

"अपील करा," तो म्हणाला. "आणि एक सांगू? नवरदेवासारखं सजवून आणू नका पुढच्या वेळी. बोर्डाला जे दिसतं ते बोर्ड लिहितं. तुम्ही हजार सांगाल, त्यांना दिसलं पाहिजे."

"आणि दिसलं तर?"

"तर टक्के मिळतील. पण जपून. घरी सांभाळणारं धडधाकट कुणी नाही, किंवा घरच्यांच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर ते त्यांना बंद वॉर्डात टाकायला सांगतात. तिथे गेलेला माणूस..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पुढच्याला हाक मारली. वॉर्डाचं तेवढं तिने घरी येऊन म्हातारीला सांगितलं.

अपिलाची तारीख पडायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मिस्त्रीने घरातलं एकुलतं एक स्टूल भिंतीवर फोडलं, त्या स्टुलाच्याच पायाने बायकोची फासळी मोडली, आणि एका दुपारी म्हातारीचे पुढचे दोन दात गेले. "नळावर पडले," म्हातारी म्हणाली, तोंडाला ओला बोळा लावून. बोळ्यातून रक्त ठिबकत होतं आणि मिस्त्री पलीकडे बसून त्या मोडक्या स्टुलाचे तुकडे जुळवत होता, शांत, अगदी लहान मुलासारखा मन लावून. खोकेवालीला त्या क्षणी त्याचा असा संताप आला की गळ्यातली किल्ली तोडून पेटीतला हातोडा काढावा आणि एकदाचं संपवावं. तिने किल्ली मुठीत धरली. तळहातात तिचे दाते रुतेपर्यंत धरली. मग सोडली, आणि फरशीवरचं रक्त पुसायला घेतलं.

रक्त पुसता पुसता तिचं ठरलं. बोर्डाला दाखवायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याची पेन्सिल काढायची.

तिने सगळं बारकाईने योजलं. त्या दिवशी कानातलं काढून ठेवलं. केस धरता येऊ नयेत म्हणून घट्ट बांधून वर रुमाल गुंडाळला. त्याच्या उजव्या हाताला, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, म्हणजे मागे काही लागणार नाही. मान डावीकडे वळवायची. एक फटका, फार तर दोन, तेवढ्यात शिपाई येतील. मोडलेली फासळी आता जुळली होती. सोसेल. म्हातारीला घरी ठेवायची तिने खूप खटपट केली.

"आई, तुम्ही कशाला? दिवसभर ताटकळत बसावं लागतं तिथे."

"मी नसले तर तो जिना उतरत नाही."

"मी आणते ना उतरवून."

"तू मागच्या वेळी काय दिवे लावलेस ते पाहिलंय मी," म्हातारी म्हणाली आणि चपला घालून आधी दाराबाहेर उभी राहिली. काखेत तिची कापडी पिशवी. ती पिशवी ती हल्ली घरातसुद्धा खाली ठेवत नसे. का, ते खोकेवालीने कधी विचारलं नव्हतं.

या वेळी बोर्डात तिघं होते. मधे चष्मेवाले मोठे डॉक्टर, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा. खोली अरुंद. एका भिंतीला फायलींचं लोखंडी कपाट, त्याचं एक दार बिजागरीतून लोंबकळत होतं. मिस्त्रीची नजर तिकडे गेली. तो उठला, दार दोन्ही हातांनी तोललं, नखाने स्क्रू फिरवला, आणि दार खटकन जागेवर बसलं.

"वा!" मोठे डॉक्टर म्हणाले. "आमचे लोक दोन वर्षं हेच करू शकले नाहीत." लिहून घेणारा हसला. त्याने काहीतरी लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटला. "घरी कसं काय आहे?"

खोकेवालीने एकदा म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर, नजर लेकावर. मग तिने भिंतीला पाठ लावली, हात लांब केला, आणि मिस्त्रीच्या कानावरची पेन्सिल उचलली.

मिस्त्रीचा हात कानाकडे गेला. बोटांनी कान चाचपला, मागून, वरून. मग तो वळला. त्याचा चेहरा आता कुणाचाच नव्हता. पहिला तडाखा तिच्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला. तिने मान डावीकडे वळवली, ठरल्याप्रमाणे. त्याने तिचा गळा धरला, भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. कुणीतरी किंचाळलं. टेबल सरकलं, फायली पडल्या. तिला वाटलं, बास, आता पाहिलं यांनी, आता शिपाई येतील.

तेवढ्यात म्हातारी उठली.

ती धावली नाही, ओरडली नाही. रोजचं काम करावं तशी उठली. पिशवीत हात घातला आणि एक पेन्सिल काढली, टोक केलेली. पिशवीतून आणखी पाचसहा टोकदार पेन्सिली फरशीवर सांडल्या. ती लेकाच्या हाताखालून आत शिरली, टाचा उंचावल्या, आणि पेन्सिल त्याच्या कानावर ठेवायला हात वर नेला. गळा आवळला असतानाही खोकेवालीला लख्ख कळलं. रोज. तो चवताळला की ही अशीच जवळ जाते, आणि पेन्सिल कानावर बसेपर्यंत जो काही मार बसेल तो खाते. मनगट, दात, सगळं तिथलंच.

"आई, बाजूला व्हा!" तिने ओरडायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही.

मिस्त्रीने कोपर मागे घेतलं आणि फिरवलं. ते म्हातारीच्या छातीत बसलं. मूठभर बाई उडाली ती त्याच कपाटावर, नुकत्याच बसवलेल्या दाराच्या कडेवर, आणि तिथून फरशीवर. पाठीच्या कण्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. लाकूड तडकतं तसाच होता तो. मिस्त्रीनेही ऐकला बहुतेक, कारण त्याचे हात सैल पडले. पेन्सिल त्याच्या कानावर होती. म्हातारीने ती ठेवलीच होती.

दोन शिपायांनी त्याला खाली दाबलं. एकाने त्याच्या पाठीत गुडघा रोवला, दुसऱ्याने हात पिरगळला. तो लहान आवाजात विचारत होता, "आई का पडली? आई का पडली?"

म्हातारी फरशीवरूनच बोलली. ओठ पांढरे पडले होते, पण आवाज खणखणीत.

"लिहा, साहेब. माझा लेक मारतो. पाच वर्षं मारतोय. मला मारतो, तिला मारतो. मागच्या वेळी मी खोटं बोलले. लिहून घ्या." तिने श्वास घेतला. "आणि त्याच्या पाठीवरून उतरा आधी. आता करणार नाही तो काही. त्याला बंद खोलीत टाकायचं नाही. त्याची बायको धडधाकट आहे. ती सांभाळेल."

लिहून घेणाऱ्याने लिहिलं.

या वेळी नव्वद टक्के मिळाले. शेरा, घरी सतत देखरेखीखाली ठेवावे. दुसरी औषधं सुरू झाली, भत्ता मंजूर झाला. खोकेवालीने मुकादमाला काम सोडल्याचं सांगितलं आणि घरी राहू लागली. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळं पदरात पडलं. म्हातारी आता लेकाच्या हाती एकटी पडत नव्हती. ती खाटेवर होती, कमरेपासून खाली पाय हलत नव्हते, आणि पुढे हलणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी खिडकीतल्या माणसाने स्वतः बोलावून एक फॉर्म दिला. "सासूबाईंसाठी. त्यांचाही दाखला निघेल." तिच्याकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "वेळेवर भरा."

दुपारी खाटेशेजारी बसून ती फॉर्म भरू लागली. नाव, वय, पत्ता. सातव्या रकान्याशी पेन थांबलं. अपंगत्व कशामुळे आले?

मिस्त्री खिडकीपाशी बसून कापडाने एक लाकडाचा तुकडा घासत होता.

"काय लिहू, आई?"

"पडले, लिही."

"आता कशाला खोटं? बोर्डाने पाहिलंय सगळं."

"तो कागद त्याच्यासाठी होता. त्यावर मी काय ते बोलले. त्यानेच केलं असं या दुसऱ्या कागदावरही आलं, की कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहील. नेतील त्याला." म्हातारीने छताकडे पाहिलं. "आणि खरंच लिहायचं असेल, तर पेन्सिल कुणी काढली ते कोणत्या रकान्यात लिहिशील?"

खोकेवालीच्या हातातून पेन गळून पडलं. गेले दोन महिने तिने या एका प्रश्नाला चुकवत म्हातारीची पाठ पुसली होती, लघवीचं भांडं उचललं होतं, घास भरवले होते. ती खाटेच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली. म्हातारीने तिला थोडा वेळ रडू दिलं.

"मी तुला दोष देत नाही," मग ती म्हणाली. "तुझ्या जागी मीही काढली असती. पण आदल्या दिवशी मला एक शब्द सांगायचा होतास गं. मी बाकावरून उठले नसते."

घासण्याचा आवाज थांबला. खिडकीपाशी मिस्त्रीचा हात कानाकडे गेला होता. बोटं कानामागे चाचपडत होती. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं.

"उशीखाली आहे," म्हातारी हळूच म्हणाली. "जा. उजवीकडून जा."

खोकेवालीने उशीखालून टोकदार पेन्सिल काढली, डोळे पुसले, आणि मान डावीकडे वळवून ती त्याच्याजवळ गेली. फटका गालावर बसला. पेन्सिल कानावर बसली. परत येऊन तिने जमिनीवरचं पेन उचललं आणि सातव्या रकान्यात लिहिलं, घरात पडल्या.